रविवारी वाचनालयातले संगणक लावण्याआधी

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयात पाच जुने संगणक आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. यंत्रं धडधाकट, पण विंडोज ११ त्यांना दारात उभं करेना. म्हणून दोघांवर लिनक्स ही मोफत प्रणाली आणि तिच्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (मेनू, पट्टी, खिडक्या यांचा साज) टाकला. ते काम अर्ध्या दिवसात झालं. मग मेनू उघडला तर साठ-सत्तर नावं, निम्मी इंग्रजीत, आणि आमचे ज्येष्ठ नागरिक माउस हातात धरून गप्प. उरलेली तीन यंत्रं येत्या रविवारी लावायची आहेत. मदतीला येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत काय तयार ठेवायचं, ते हे.

आधी वही-पेन. इथे कोण बसतं आणि बसून काय करतं, हे दोन संध्याकाळी नुसतं बघून लिहून काढा. विचारलंत तर लोक जरा बरं दिसेल असं सांगतात. आमची यादी निघाली ती अशी: वीजबिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं, सोसायटीला मराठीत अर्ज लिहिणं, दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका बघणं, फोनमधले फोटो पेनड्राइव्हवर घेणं आणि प्रिंट. मेनूत जे राहील ते या यादीतून; बाकीचं काढून टाकायचं नाही, दृष्टीआड ठेवायचं.

मग आधीच्या दोन यंत्रांवर काय काय टाकलंय ते पेनड्राइव्हवर घ्या. डेबियन घराण्यातल्या (उबुंटू, मिंट वगैरे) लिनक्सवर ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा मुद्दाम टाकलेल्या पॅकेजांची, म्हणजे ॲपच्या गठ्ठ्यांची, यादी देते, ती फाइलमध्ये वळवली की झालं. पाचही यंत्रांवर एकच संच हवा. आज या खुर्चीवर बसलेल्याला उद्या त्या खुर्चीवर वेगळं काही दिसलं की तो परत येत नाही. याच वेळी जुळी भावंडंही शोधा: एकच ॲप एकदा ॲप्टमधून, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या भांडारातून, आणि एकदा फ्लॅटपॅक या वेगळ्या वाटेने आलेलं असतं, मेनूत दोन सारखी चित्रं दिसतात. आम्ही ॲप्टचं ठेवतो. फ्लॅटपॅकचं ॲप कुंपणाच्या आत चालतं, आणि परवानगी दिली नसेल तर काहींना पेनड्राइव्ह दिसतच नाही.

आता मुख्य काम. मेनूतली प्रत्येक ओळ म्हणजे एक छोटी साधी मजकूर फाइल असते, शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असलेली. तिच्यात नाव, चित्र, चालवायची आज्ञा आणि वर्ग लिहिलेला असतो. या फाइली ‘यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये असतात, पण तिथे हात लावू नका; पुढचं अपडेट तुमची दुरुस्ती पुसून टाकेल. त्याच नावाची प्रत ‘यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’मध्ये ठेवा. शोधण्याच्या नेहमीच्या क्रमात लोकल आधी येतं, म्हणून तुमची प्रत चालते, आणि तीही यंत्रावरच्या सगळ्या खात्यांना. एकाच खात्यापुरता बदल असेल तर त्या खात्याच्या घरातलं (होम फोल्डरमधलं) ‘डॉट लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’.

ॲप मेनूतून लपवायचं तर प्रतीत ‘नोडिस्प्ले’ ट्रू करा, ‘हिडन’ नव्हे. इथे मी स्वतः पडलोय. नोडिस्प्लेने ॲप मेनूत दिसत नाही, पण फाइलवर डबल क्लिक केलं की उघडतं. हिडनचा अर्थ मात्र ‘हे ॲप नाहीच असं समज’. मी फोटो बघायच्या ॲपला हिडन केलं आणि दुसऱ्या दिवशी एका आजींच्या नातवाच्या बारशाचे फोटो गिंप या चित्रं रंगवायच्या-सुधारायच्या जड ॲपमध्ये उघडायला लागले. जुन्या यंत्रावर गिंप उघडेपर्यंत चहा होतो. त्या बिचाऱ्या पाळण्याशेजारची ब्रशांची पेटी बघून घाबरल्या.

नावं शनिवारीच ठरवा, रविवारी वाद नको. मराठी नावासाठी त्याच फाइलमध्ये ‘नेम’च्या ओळीखाली चौकटी कंसात मराठीची खूण असलेली वेगळी ओळ घालतात, ती दिसते फक्त खात्याची भाषा मराठी असेल तेव्हा. पहिल्यांदा मराठीत शिरल्यावर घरातल्या फोल्डरांची नावंही बदलू का, असं विचारलं जातं. पाचही यंत्रांवर एकच उत्तर द्या. नाव ॲपचं नको, कामाचं हवं: ‘अर्ज-पत्र लिहा’, ‘प्रश्नपत्रिका बघा’. रायटर या लिहायच्या ॲपला कुणी ‘लेखनिक’ सुचवलं होतं. ते ऐकून कुणी क्लिक करणार नाही.

वर्गांचं थोडक्यात. ऑफिस, ग्राफिक्स, एज्युकेशन, नेटवर्क असे ठरलेले वर्ग आहेत, सिडकोच्या सेक्टरांसारखे. सेक्टर न लिहिलेली फाइल ‘इतर’मध्ये जाऊन पडते, आणि तिथला पत्ता कुणाला सापडत नाही. वर्गाच्या नावानंतर अर्धविराम (;) द्यायला विसरू नका.

यादीतली रोजची कामं मेनूत शोधायला लावूच नका, स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर आणा. ही चाल जुनीच आहे. १९९३ मध्ये युनिक्स (लिनक्स जिच्यावर बेतलं ती जुनी प्रणाली) विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन जाहीर केलेल्या सीडीई डेस्कटॉपमध्ये ‘ॲप्लिकेशन मॅनेजर’ नावाची खिडकी होती. लॉगिन होताना यंत्रावरची ॲप गटागटाने तिथे गोळा व्हायची आणि लागेल ते चित्र माणूस ओढून खालच्या पट्टीवर ठेवायचा. १९९६ मध्ये सुरू झालेलं एक्सएफसीई त्याच वळणावर बेतलेलं होतं.

पट्टी एका खात्यात मनासारखी लावा, तिथून लॉगआउट करा आणि मगच दुसऱ्या खात्यातून तिची सेटिंग ‘ईटीसी/स्केल’मध्ये कॉपी करा. चालू खात्यातून उचललीत तर अर्धवट येऊ शकते. नवं खातं उघडताना स्केलमधलं सगळं त्यात उतरतं. आधीच्या खात्यांत नाही, म्हणून ‘वाचक’ हे खातं त्यानंतरच तयार करायचं.

किरकोळ: कोणती फाइल कशात उघडायची ते एकदा ठरवून द्या. आपोआप सुरू होणाऱ्या ॲपमधून ब्लूटूथ काढा, आपल्याकडे चार जीबीच रॅम आहे. आयबसमध्ये (टायपिंगची भाषा बदलायचं साधन) मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी घाला आणि कीबोर्डचा छापील तक्ता प्रत्येक टेबलावर चिकटवा.

शेवटी पहिल्या ग्राहकाला खुर्चीवर बसवा आणि तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. मागच्या वेळी वरच्या मजल्यावरचे काका बसले. बिल, तिकीट, प्रिंट, सगळं त्यांनी न विचारता उघडलं. मग आजूबाजूला बघून हळूच विचारलं, “आणि पत्ते कुठे आहेत हो?” आमच्या यादीत ते नव्हते. तेव्हा सॉलिटेअर लपवू नका. ‘पत्ते’ असं नाव देऊन मेनूतच ठेवा. पट्टीवर नको, सेक्रेटरी बघतात.