लाँगलीटला निघालात? मग निदान या चुका टाळा

उन्हाळ्यात इंग्लंडला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आईवडिलांना कुठे न्यायचे, याची प्रत्येक मराठी घरात एक यादी असते आणि आमच्या रेडिंगच्या घरात त्या यादीत लंडनच्या खालोखाल विल्टशरमधल्या लाँगलीटचा क्रमांक लागतो. वाघसिंहांची सफारी, सोळाव्या शतकातला वाडा, तळे, भूलभुलैया आणि लहान मुलांची छोटी आगगाडी हे सगळे एकाच आवारात असल्यामुळे तीन पिढ्या एका दिवसात खूश होतील असे दुसरे ठिकाण मला तरी सापडलेले नाही. गेल्या बारा वर्षांत पाहुण्यांना घेऊन मी तिथे नऊ वेळा गेलो आहे. दर वेळी संध्याकाळी पार्किंगमध्ये एकमेकांवर वैतागलेले निदान एक भारतीय कुटुंब दिसते, आणि दोनदा ते कुटुंब आमचेच होते. चुका त्याच त्याच असतात, म्हणून हे लिहिणे.

सुरुवातीच्या चुका किरकोळ आहेत, पण दिवसाची वाट तिथूनच लागते. रेल्वेने जाऊ नये. वॉर्मिन्स्टर किंवा फ्रोम (उच्चार फ्रूम) इथपर्यंत गाडी जाते, पण पुढचे काही मैल आणि मुख्य म्हणजे खुद्द सफारी यांसाठी स्वतःची बंद गाडी हाताशी असलेली बरी. कापडी छपराच्या गाडीला प्राण्यांच्या भागात प्रवेश नसतो, त्यामुळे हौसेने तसली गाडी भाड्याने घेऊ नये. शेवटच्या काही मैलांत फोनवरच्या नकाशाचे ऐकू नये, कारण तो जवळची वाट म्हणून दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असलेल्या अशा गल्ल्यांत घालतो की समोरून ट्रॅक्टर आला तर अर्धा मैल मागे जावे लागते. पर्यटनस्थळांच्या तपकिरी पाट्या धराव्यात आणि त्या सोडू नयेत. मे महिन्यातले पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टमधला शेवटचा सोमवार आणि शाळांना सुट्टी असलेला कोणताही दिवस टाळावा. आपल्याकडून आलेली मंडळी मे-जूनमध्ये इथे असतात आणि जूनमध्ये इथल्या शाळा चालू असतात, त्यामुळे जूनमधला मंगळवार किंवा बुधवार यांच्यासारखा मुहूर्त नाही. एक रजा वाचवण्यासाठी ऑगस्टच्या शनिवारी जाणाऱ्यांनी रांगेची तक्रार माझ्याकडे करू नये.

माकडांचा भाग आणि भाड्याची गाडी

आता माझी सर्वांत आवडती चूक. सफारीच्या वाटेवर रीसस माकडांचा एक भाग लागतो. त्याच्या आधी एक फाटा असतो आणि गाडीचे नुकसान नको असेल त्यांनी बाजूच्या वाटेने जावे, असे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. रीसस म्हणजे आपली उत्तर हिंदुस्थानातली, मथुरा-दिल्लीकडची लाल तोंडाची माकडे. ती पाटी वाचून प्रत्येक भारतीय माणूस हसतो. आमचे थोरले मेहुणे नाशिकहून आले होते, तेही हसले.

तेव्हा माणसे सात असल्यामुळे आम्ही एक मोठी गाडी भाड्याने घेतली होती. मी फाट्याकडे वळण्यासाठी दिवा लावला, तर मागून आवाज आला, "अहो जावईबापू, माथेरानला आम्ही माकडांच्या हातातून कणसं परत घेतली आहेत. माकडांना घाबरून वळसा घालायचा?" मागच्या सीटवरच्या मुलांनीही एकच गलका केला. मी दिवा बंद केला आणि सरळ गेलो. पाहुण्यांसमोर भित्रा ठरायचे नाही, या एका कारणाने माणूस किती पैसे घालवू शकतो, याचा हिशेब मला नंतर मांडता आला.

पहिली दोन मिनिटे मौज झाली. एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून समोरच्या काचेवर बसली आणि मुलांनी आतून तिच्या तळहाताला तळहात लावले. मग एक दांडगा नर आला. त्याने मागच्या छपरावरची छोटी एरियल वाकवून पाहिली, ती सुटेना म्हणून तो बॉनेटवर आला आणि वायपरच्या दांडीवर पाय देऊन त्याने त्यातले रबर एका टोकाकडून सोलायला घेतले. केळे सोलावे तसे. पूर्ण दोन फुटांची काळी पट्टी हातात येताच त्याने ती गळ्यात घातली आणि तो झाडावर गेला. दुसऱ्याने काचेवर पाणी उडवणारी चोच उपटली, चावून पाहिली आणि टाकून दिली. पुढे गाड्या, मागे गाड्या, काच खाली करायची नाही, हॉर्न वाजवला तर ती अधिक खुलतात. मेहुणे गप्प होते.

सोलले गेलेले रबर चालकाच्या बाजूचे होते. संध्याकाळी निघालो आणि वॉर्मिन्स्टर गाठेपर्यंत पाऊस लागला. इंग्लंडच्या पावसाला एवढी वेळ बरोबर कळते. दुकाने बंद झाली होती. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आम्ही सव्वा तास काच पुसत बसलो. शेवटी बायकोने विचारले की डावीकडचे रबर शाबूत आहे, तर ते उजवीकडे लावता येत नाही का. लावता आले. डावे पाते आखूड असल्यामुळे माझ्यासमोर अर्ध्या पंख्याएवढी जागा स्वच्छ होत होती आणि तेवढ्यातून बघत, डाव्या मार्गिकेतून, ताशी चाळीस मैलांच्या वर न जाता मी रात्री साडेदहाला घर गाठले. गाडी परत करताना कळले की करारात प्राण्यांनी केलेले नुकसान विम्याबाहेर होते. तो कागद मी सही करण्याआधी वाचला नव्हता, हा दोष माझाच.

तेव्हापासूनचे माझे नियम असे आहेत. भाड्याची, कंपनीची किंवा हप्ते चालू असलेली गाडी असेल तर मुकाट्याने बाजूच्या वाटेने जायचे. स्वतःची जुनी गाडी असेल तर फिरकीची एरियल आधीच काढून डिकीत टाकायची, छपरावर सामानाची पेटी किंवा ताडपत्रीने बांधलेली बॅग ठेवायची नाही, आणि वायपरच्या रबरांची एक जादा जोडी गाडीत ठेवायची. कुणी माथेरानचे नाव काढले की गाडी थांबवून त्यांनाच चालवायला सांगायची. अजून कुणी तयार झालेले नाही.

सफारीच्या वाटेवर स्वच्छतागृह नसते, आणि गर्दीच्या दिवशी ती वाट दोन तासही घेते. त्यामुळे आत शिरण्यापूर्वी "मला नाही लागली" म्हणणाऱ्यालाही पाठवावे, मग तो सहा वर्षांचा असो वा सहासष्ट. गाडीत डबा उघडू नये. काचा बंद असताना लसणाच्या चटणीचा वास आणि नागमोडी रस्ता यांचा मेळ बसत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या वाड्यासमोरच्या हिरवळीवर बसून खाव्यात, त्यासाठीच ती हिरवळ आहे असे मी मानतो. आणि नातवाला "जरा सिंह दाखवते" म्हणून आजीने रस्त्यात मांडीवर घेऊ नये. बारा वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंची भरेपर्यंत मुलाला इथे कायद्याने योग्य बालआसन लागते.

गाडी मध्येच बंद पडली तर कोणत्याही परिस्थितीत दार उघडू नये. हॉर्न वाजवावा आणि कर्मचाऱ्यांची गाडी येईपर्यंत बसून राहावे. हे वाक्य मी गाडीत बसल्या बसल्या सगळ्यांकडून एकदा म्हणवून घेतो.

"वाटेत स्टोनहेंज करून घेऊ"

रेडिंगहून किंवा लंडनहून येताना ए-३०३ हा रस्ता स्टोनहेंजच्या, म्हणजे प्रागैतिहासिक काळातल्या उभ्या दगडांच्या वर्तुळाच्या, अगदी कडेने जातो, आणि नकाशावर ते लाँगलीटच्या अलीकडे दिसते. तिथूनच हा मोह सुरू होतो. त्यात बाथ शहर जोडले की "एका दिवसात तीन" असा बेत तयार होतो आणि त्याची टाचणे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. स्टोनहेंजजवळ हा रस्ता दोन्ही दिशांना एकेका मार्गिकेचा होतो आणि दगड दिसले की प्रत्येक चालक पाय वर घेतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची माळ लागते. रस्ता बोगद्यातून नेण्याची योजना २०२४ मध्ये सरकारने रद्द केली, त्यामुळे ती माळ इतक्यात सुटणार नाही. शिवाय स्टोनहेंजला ठरावीक वेळेचे तिकीट घ्यावे लागते आणि स्वागतकेंद्रापासून दगड दोन किलोमीटरहून दूर आहेत, म्हणजे उभ्या उभ्या पाहायचे म्हटले तरी दोन तास गेले. लाँगलीटला दीड वाजता पोचलेले कुटुंब सफारीच्या रांगेत चार वाजवते आणि वाड्याकडे गाडीतूनच हात करते. तीन ठिकाणांचे फोटो घेऊन एकही न पाहिलेल्या माणसांना मी आता चहा पाजतो, सल्ला देत नाही. स्टोनहेंज दुसऱ्या दिवशी करावे.

मी दार उघडण्याच्या वेळेला पोचतो आणि सरळ सफारीत शिरतो. सकाळी प्राणी हिंडताना दिसण्याची शक्यता अधिक असते. सिंह दिवसातले सोळा ते वीस तास लोळण्यात घालवतो, त्यामुळे दुपारी दोन वाजता तो गवतात पोते टाकल्यासारखा दिसला तर फसवणूक झाली असे समजू नये, काचेवर टकटक करू नये, आणि "उठव ना त्याला" असे तर मुळीच म्हणू नये. ताडोब्याला उघड्या जिप्सीत चार तास धूळ खाऊन सांबराचा एक इशारा ऐकला तरी आपण धन्य होतो. इथे सिंह नक्की दिसणार हे ठाऊक असल्यामुळेच माणसे दोन मिनिटांत कंटाळतात. मी डावीकडे गाडी घेऊन मागच्या उतावळ्यांना जाऊ देतो आणि दहा मिनिटे थांबतो. एकदा त्या दहा मिनिटांत सिंहीण उठली, तिने आळस दिला आणि आमच्या गाडीला इतक्या जवळून वळसा घातला की मागच्या काचेवर तिच्या श्वासाचे धुके उमटले. पुढे गेलेल्या चार गाड्यांना ते दिसले नाही.

वाडा शेवटच्या अर्ध्या तासासाठी ठेवणे

ही चूक सुशिक्षित माणसेही करतात, आणि मला ती माकडांपेक्षा जास्त लागते. सिंह इथे आले ते या वाड्यासाठी. सर जॉन थिन यांनी १५४०च्या सुमारास ५३ पौंडांना एका जुन्या मठाची ही जागा घेतली. आधीचे घर १५६७ मध्ये जळाले आणि आजचा वाडा १५८०च्या सुमारास उभा राहिला. सासऱ्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला की शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा पन्नास वर्षे अवकाश होता, आणि मग ते प्रत्येक दालनात "हे आधीचे की नंतरचे" एवढेच विचारत राहिले. त्यांना लीट या शब्दाचाही आनंद झाला, कारण गिरणीला पाणी नेणाऱ्या कालव्याला जुन्या इंग्रजीत लीट म्हणतात. म्हणजे लाँगलीट म्हणजे आपला लांब पाट.

थिन यांचे वंशज सहावे मार्क्विस ऑफ बाथ (ही सरदारकीची पदवी) यांना १९४६ मध्ये ही मिळकत मिळाली ती सुमारे ७ लाख पौंडांच्या वारसाकरासह. जमिनी विकूनही भागेना, म्हणून १९४९ मध्ये त्यांनी तिकीट लावून वाडा लोकांना खुला केला, आणि १९६६ मध्ये सर्कशीच्या घराण्यातल्या जिमी चिपरफील्ड यांच्या साथीने सिंह आणले. गाडीतून फिरण्याची अशी सफारी तोवर आफ्रिकेबाहेर नव्हती. एवढे माहीत असले की सात ग्रंथालये आणि त्यांतली चाळीस हजारांवर पुस्तके बघताना छप्पर कुणी तोलून धरले आहे ते कळते. इथलेच टिशियन या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचे एक चित्र १९९५ मध्ये चोरीला गेले, २००२ मध्ये लंडनमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत सापडले आणि २०२४ मध्ये लिलावात विकले गेले. ही गोष्ट मुलांना दारात सांगितली की ती पुढची दालने डोळे उघडे ठेवून बघतात. सफारी, जेवण, मग लगेच वाडा, असा माझा क्रम आहे. वाड्याला दीड तास द्यावा. खेळणी आणि आगगाडी त्यानंतर, नाहीतर मुले तिथून हलत नाहीत.

भूलभुलैयाही शेवटच्या तासात नको. १९७५ मध्ये लावलेल्या या भूलभुलैयात सोळा हजारांवर यू झाडांची कुंपणे आणि पावणेतीन किलोमीटरच्या आसपास वाटा आहेत. डावा हात कुंपणाला लावून चालत राहण्याची युक्ती इंटरनेटवर वाचून येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मध्ये लाकडी पूल आहेत आणि पुलांमुळे ती युक्ती भरवशाची राहत नाही. यूची पाने आणि बिया विषारी असतात, तेव्हा लाल फळे तोडू पाहणाऱ्या मुलांचे हात धरावेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आत नेऊच नये; बाहेर बाकावर थर्मास आणि उरलेल्या पुऱ्या देऊन बसवावे, आणि फोन चालू ठेवायला सांगावे, कारण पाऊण तासाने वाट विचारायची वेळ आपल्यावरच येते.