तरण्या पावसात सशाचं घरटं कोरडं ठेवा: सोव्हिएत चिंचिला पाळणाऱ्यांसाठी सल्ला

पुनर्वसू नक्षत्र, म्हणजे तरणा पाऊस, ५ जुलैच्या सुमारास लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्यांनी माद्यांना नर दाखवला, त्यांच्या माद्या ३१ दिवसांच्या गाभणकाळाच्या हिशोबाने नेमक्या तरण्या पावसात विणार आणि पिल्लं म्हाताऱ्या पावसापर्यंत (पुष्य नक्षत्रापर्यंत) घरट्यात राहणार. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडे या दिवसांत भिंतीसुद्धा पाझरतात. सशाची पिल्लं याच काळात सगळ्यात जास्त मरतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: घरट्यातली गादी ओली राहिली आणि कोणी हात घालून बघितलं नाही.

पिल्लू जन्मतः ५०-६० ग्रॅमचं असतं. अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. पहिला आठवडाभर त्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. आईने उपटलेले केस, कोरडी पिंजर (भाताचा पेंढा) आणि भावंडांची अंगं, एवढ्यावरच ते जगतं. गादी ओली झाली की ऊब खालून निघून जाते. गारठलेलं पिल्लू चोखत नाही. मादी २४ तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटांसाठी घरट्यात येते. त्या वेळी जे पिल्लू गारठून सुस्त पडलेलं असतं, त्याची दुधाची पाळी चुकते. दुसऱ्या दिवशी ते आणखी गार असतं. तिसऱ्या दिवशी पोट आत गेलेली, कातडी सुरकुतलेली चार-पाच पिल्लं मेलेली सापडतात. मालक म्हणतो, मादीला दूध नाही. दुकानदार दूधवाढीचं टॉनिक देतो. मादीची कास मात्र भरलेली असते. टॉनिकचे पैसे पिंजरीला आणि लाकडी पेटीला घाला.

सोव्हिएत चिंचिला या सशाच्या जातीच्या बाबतीत हे नुकसान जास्त लागतं, कारण जातिवंत जनावर आपल्या भागात सहज मिळत नाही. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या तमिळनाडूतल्या कोडाईकनालजवळच्या मन्नावनूर केंद्रात या जातीची आणि व्हाइट जायंटची पैदास होते. तिथे आधी मागणी नोंदवून जनावरं आणावी लागतात, आणि प्रवासाचा ताण वेगळाच. अशा मादीची आठ पिल्लं ओल्या गादीवर घालवणं परवडणारं नाही.

पेटी कशी असावी. मोठी मादी ४ ते ५ किलोची असते. तिला ५० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच पेटी पुरते. यापेक्षा मोठी केली तर मादी आतच बसून राहते, आत मुतते आणि पिल्लं पांगतात. पुढच्या बाजूला १५ सेंमी उंच पट्टी ठेवा, म्हणजे सडाला चिकटून पिल्लू बाहेर ओढलं जाणार नाही. तळाला ६ ते ८ मिमीची दहा-बारा भोकं पाडा आणि खाली दोन पट्ट्या ठोकून पेटी २ सेंमी उचला. हे तळाचं काम बहुतेक जण सोडून देतात. सुतार प्लायवूडचा सपाट तळ लावून देतो, तो मूत धरून ठेवतो, आणि वरून गादी कोरडी दिसत असताना खाली चिखल झालेला असतो. पत्र्याची पेटी पावसाळ्यात आतून घामाळते, ती या दिवसांत वापरू नका.

गादीत खाली ३-४ सेंमी रंध्याचा जाड कीस. सॉ-मिलचा बारीक भुसा नको, तो नाकातोंडात जातो. वर हातभर लांबीची पिंजर वीतभराने तोडून, १२ ते १५ सेंमी जाड. मागच्या बाजूला मुठीने खळगा करा. उसाचं पाचट घालू नका, त्याच्या कडा कापतात आणि ते पाणी धरतं. गुऱ्हाळावरची चिपाडं तर अजिबात नकोत. उरलेल्या गोडीने मुंग्या येतात, आणि लाल मुंग्यांनी एका रात्रीत अख्खी वेत खाल्ल्याचं अनेक गोठ्यांत घडलेलं आहे. पिंजऱ्याचे पाय पाणी आणि जळकं ऑइल घातलेल्या वाट्यांत ठेवा. कीसाखाली वाळलेला कडुलिंबाचा पाला पसरला तर मुंग्या कमी येतात, असा अनुभव आहे. पाला मात्र खडखडीत वाळलेला हवा.

पेटी कधी ठेवायची, इथे सगळ्यात मोठी चूक होते. नर दाखवल्यापासून २७ व्या किंवा २८ व्या दिवशी ठेवा, आधी नाही. २० व्या दिवशी ठेवली तर मादी तिला मुतारी करते आणि व्यायच्या आधीच गादी भिजलेली असते. उशीर केला तर पिल्लं जाळीवर पडतात. म्हणून नर दाखवल्याची तारीख खडूने पिंजऱ्यावर लिहा. वहीत लिहिलेली तारीख कामाच्या दिवशी सापडत नाही. गाभण आहे का ते १२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपून कळतं: दोन्ही बाजूंना द्राक्षाएवढे गुळगुळीत, सरकणारे गोळे लागतात. लेंडी कडक आणि एका ओळीत असते, गोंधळू नका. जोराने दाबू नका.

मादी व्याली की बारा तासांच्या आत, ती खायला लागल्यावर, पेटी बाहेर काढा. मेलेलं पिल्लू, वार आणि रक्ताने भिजलेली पिंजर उचला. पिल्लं मोजा. आठाच्या वर असतील तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली घाला. हात स्वच्छ धुवून त्याच पेटीतली पिंजर चोळली की दुसरी मादी सहसा नाकारत नाही. पुढे रोज सकाळी दूध पाजून झाल्यावर तपासणी. पोट गोल, कातडी ताणलेली असेल तर पिल्लू भरलं आहे. मग पिल्लांच्या खाली, तळापर्यंत बोटं घाला आणि तिथली मूठभर पिंजर गालाला लावा. तळहाताला ओल उशिरा कळते, गालाला लगेच कळते. गार लागली तर बदला. नाकाला झोंबणारा वास आला तर एक दिवस उशीर झालेला आहे. बदलताना वरचे कोरडे केस बाजूला ठेवा आणि नव्या गादीवर परत घाला. पहिल्या वेतीची मादी कधी कधी केस कमी उपटते, म्हणून आधीच्या वेतीचे स्वच्छ कोरडे केस पिशवीत साठवून ठेवलेले बरे.

गार पडलेलं पिल्लू मेलं असं समजून टाकू नका. कोमट पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळून तिच्याजवळ अर्धा तास ठेवा. हालचाल आली आणि अंग गुलाबी झालं की घरट्याच्या मधोमध ठेवा. गार असताना दूध किंवा साखरपाणी तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जातं. विजेचा बल्ब लावायचा म्हणाल, तर पावसात लाईट गेली की तो विझतो, आणि जवळ टांगला तर पिल्लं भाजतात. कोरडी पिंजर रात्रभर साथ देते.

ही पिंजर आताच गोळा करा. एका वेतीला बदल धरून पाच-सहा किलो लागेल असं धरून चाला. माळ्यावर किंवा झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये ठेवा. सादळली तर चुलीशेजारी पत्र्यावर पसरा, आगीपासून हातभर लांब, आणि गरम असतानाच पेटीत घालू नका.

खोपीच्या चारी बाजूंनी प्लॅस्टिक कागद बांधण्याची रीत सोडा. ससा थंडी सहन करतो, दमट कोंडलेली हवा त्याला सोसत नाही. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. तिकडे गोणपाटाचा किंवा शेडनेटचा पडदा सोडा आणि वर फूटभर फट ठेवा. पन्हाळ तीन फूट पुढे काढली तर निम्मी चिंता मिटते.

रोजची कामं:
सकाळ-संध्याकाळ घरटं तपासणे.
लेंड्या, मूत काढणे, पिंजऱ्याखाली चुना मारणे.
पाणी बदलणे (व्यालेल्या मादीला दिवसाला लिटरभरापर्यंत लागतं).
खाद्य: मोठ्या सशाला १०० ते १५० ग्रॅम, व्यालेल्या मादीला २०० ते २५० ग्रॅम.
हिरवा चारा सुकवून देणे.
उंदरांची भोकं बुजवणे.

चाऱ्याचं थोडं सांगावं लागेल. पावसाने भिजलेला लसूणघास किंवा कोवळं नेपियर तसंच टाकलं की पोट फुगतं. कापून सावलीत पाच-सहा तास सुकू द्या. सुबाभूळ रोजच्या चाऱ्यात थोडीच. मिश्रण घरी करायचं तर मका भरडा ३०, गव्हाचा कोंडा ३०, सोयापेंड २०, हरभरा चुणी १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ भाग. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात टाळा. बुरशीचं विष सशाला फार थोड्या मात्रेत मारतं, आणि पेंडीला वास येण्याआधीच ते तयार झालेलं असतं.

घरट्यातल्या ओलाव्याचा दुसरा वार दूध तुटताना बसतो. रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा रोग. याची अंडी लेंडीतून पडतात, पण लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक ते चार दिवसांत ती पिकतात. म्हणून लेंड्या रोज उचलल्या आणि जमीन कोरडी ठेवली तर साखळी तुटते. फिनाईल आणि दुकानातली महागडी जंतुनाशकं यांना ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओता किंवा जाळी ब्लो-लॅम्पने शेका, ससे बाहेर काढून. चार ते आठ आठवड्यांची पिल्लं सुस्त झाली, पोट सुटलं, शेपटीखाली घाण चिकटली तर शेणनमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. डॉक्टर साधारणतः २.५ टक्क्यांचं टोल्ट्राझुरिल १ मिली प्रति लिटर पाण्यातून सलग २ दिवस देतात आणि ५ दिवसांनी पुन्हा २ दिवस. घरटंही पंधराव्या ते अठराव्या दिवशी काढून घ्या. डोळे १० ते १२ दिवसांत उघडतात, त्यानंतर ओली पेटी नुसतं रोगाचं घर होते. दूध ३५ दिवसांनी तोडा, पावसात ४० दिवसांपर्यंत थांबलात तरी चालेल.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, लिंकोमायसिन सशाच्या तोंडावाटे कधीही देऊ नका. कोंबड्यांसाठी विकली जाणारी पुडी "सशालाही चालते" म्हणून हातात दिली जाते. आतड्यातले उपयोगी जंतू मरून ससा दोन-तीन दिवसांत हगवणीने जातो. गोचीड-पिसवांसाठीचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे. कानात खरूज झाली तर १ टक्का आयव्हरमेक्टिन ०.०२ ते ०.०४ मिली प्रति किलो वजन, कातडीखाली, १४ दिवसांनी पुन्हा. इन्सुलिनच्या सिरिंजने मोजा.

"७ माद्या ३ नर" असं युनिट विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: यांचे आईबाप कोण? बऱ्याचदा दहाही जनावरं एक-दोनच वेतींची भावंडं असतात. केसांवर फुंकर मारून बघा. जातिवंत चिंचिलाच्या केसात तळाला निळसर करडा, मग मोतिया, मग काळा असे पट्टे खळ्यासारखे गोल दिसतात. पण पांढऱ्या सशाशी संकर झालेली पहिली पिढीही चिंचिलासारखी दिसू शकते. तुमच्या दोन चिंचिलांना पांढरं पिल्लू झालं, तर पांढरा गुण आई आणि बाप दोघांतही दडलेला आहे. त्या जोडीची पिल्लं पैदाशीला ठेवू नका. तीन घराणी वेगळी ठेवा: पहिल्या घराण्याचे नर दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. मुली आपल्याच घराण्यात. कानावर गोंदलेला नंबर नसेल तर हे सगळं सहा महिन्यांत विसरलं जातं. रानातला ससा पकडून संकर करण्याचा विचारही करू नका. तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे, पाळीव सशाशी त्याची पैदास होत नाही, आणि त्याला पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

मृगात लावलेल्या माद्या गाभण राहिल्या नाहीत म्हणून "नराची ताकद" वाढवणारं औषध घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात नराचं वीर्य खराब होतं आणि नवं तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात. जूनच्या मध्यावर हवा थंड झाली तर ऑगस्टच्या मध्यावर नर पुन्हा कामाला येतो. २५ ऑगस्टला नर दाखवलात तर मादी २५ सप्टेंबरला विते आणि पिल्लं उघडिपीत वाढतात. तोवर माद्यांना विश्रांती द्या. नर दाखवताना मादीच नराच्या पिंजऱ्यात न्या. ती आपल्या जागेत नराला मारते. अंडं सुटतं ते मेळानंतर साधारण १० तासांनी, म्हणून त्याच दिवशी आठ-दहा तासांनी दुसऱ्यांदा दाखवलेलं चांगलं.

शिरोळ, प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा पूरपट्ट्यातल्यांनी घरट्यासोबत पाण्याचाही हिशोब ठेवावा. २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी बघितला आहे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की गाभण माद्या उंचावर हलवा, ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठेपर्यंत थांबू नका. शेवटच्या तीन दिवसांतली मादी धावपळीत हलवली तर ती पिल्लं टाकते किंवा व्याल्यावर जवळ घेत नाही. पिल्लांची पेटी हलवताना ती गोणपाटाने झाका, मादीला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवा, आणि नव्या जागी पोचल्यावर आधी गादी गालाला लावून बघा.