भेगाळलेला डांबरी रस्ता: बुजवायचा की उखडायचा?

रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात मी वाड्यांचे, आंब्याच्या बागांचे, सोसायट्यांचे लहान डांबरी रस्ते करतो. दसरा जवळ आला की सगळ्यांचा एकच प्रश्न: भेगा पडल्यात, पॅच मारू की सगळं उखडू?

हे वरच्या डांबरावरून ठरवू नका. खालचं खडीकरण आणि मुरूम शाबूत असेल, तर रस्ता उखडणं म्हणजे पैसे घालवणं. तो थर गेला असेल, तर वरून कितीही कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा नवा थर, ओढा, पुढच्या आषाढात त्याच भेगा त्याच जागी वर येतात.

म्हणून रस्ता पावसातच बघा. सर थांबली की वरचं डांबर लवकर सुकतं, भेगा मात्र ओल्या रेषांसारख्या दिसत राहतात. त्यावरून टेम्पो जाऊ द्या. चाकाखाली भेगेतून पाणी उसळलं आणि त्याबरोबर लाल चिखल आला, तर जांभ्याचा मुरूम खालून धुऊन निघतोय. उन्हात त्याचे लालसर डाग राहतात. त्या जागा तेव्हाच खडूने नको, ऑइल पेंटने आखून ठेवा, कारण ऑक्टोबरात सगळा रस्ता सारखाच दिसतो.

मग भेगांचा आकार बघा. लांब, एकेरी, कोरडी भेग असेल तर घाबरायचं कारण नाही. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखी जाळी उठली असेल, तर तिथे भार पेलवलेला नाही. शेजारी घर बांधायला काढलं आणि चिऱ्यांचे ट्रक सुरू झाले की ही जाळी हमखास उठते, कारण वाडीचा रस्ता रिक्षा आणि पिकअपच्या हिशेबाने केलेला असतो. जाळीतला एक तुकडा पहारीने उचलून बघा. खाली घट्ट, कोरडी खडी लागली तर वरचाच थर थकलाय. पहार ओल्या मुरमात रुतली तर तेवढा भाग खोदावाच लागेल.

सगळ्यात जास्त भीती मला अर्धचंद्रासारख्या भेगेची वाटते. उतारावरच्या रस्त्याची आतली बाजू डोंगर कापून केलेली असते, दरीकडची भराव टाकून. भराव सरकायला लागला की दरीच्या बाजूला अशी वाकडी भेग पडते आणि रस्ता तिथे किंचित खाली बसतो. हिला डांबराने उत्तर नाही. तात्पुरती बुजवा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही, जड गाड्या बंद करा, वरचं पाणी वळवा आणि संरक्षक भिंतीसाठी जाणकार इंजिनिअरला बोलवा. रस्त्याचा विचार त्यानंतर.

दुरुस्ती ठरली, तर काडेपेटीची काडी शिरेल एवढी भेग तारेच्या ब्रशने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. आतलं गवत मुळासकट काढा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मग इमल्शन (पाण्यात मिसळलेलं, गरम न करता ओतता येणारं डांबर) ओतून वर बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, टाका. पेन्सिल शिरत असेल तर नुसतं इमल्शन खाली वाहून जातं; तिथे कच आणि इमल्शन कालवून ठासा.

जाळीच्या जागी पॅच मारताना जाळीच्या बाहेर फूटभर, चांगल्या डांबरापर्यंत, सरळ चौकोन कापा. कडा उभ्या हव्यात. घट्ट थर लागेपर्यंत खोदा, नवी खडी दाबा, तळाला आणि कडांनाही टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटवणारा डांबराचा पातळ हात, मारा. साधं व्हीजी-30 डांबर (रस्त्यांसाठी नेहमी वापरतात ती प्रत) असेल तर माल, म्हणजे डांबर-खडीचं गरम मिश्रण, अंथरताना किमान 140 अंश सेल्सियस हवा, आणि 90 च्या खाली जाण्याआधी रोलर फिरून झाला पाहिजे. आपल्याकडे प्लँट लांब आणि वाटेत घाट, त्यामुळे ताडपत्रीने न झाकलेला ट्रक आला तर माल उतरवूच देऊ नका. चार शेजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी काम काढलं की गरम माल पुरतोही आणि परवडतोही.

सगळं कधी उखडायचं? माझा हिशेब असा: एक तृतीयांशाहून जास्त भागावर जाळी असेल आणि पहार जागोजागी रुतत असेल, तर पॅच मारत बसू नये. जुन्यावरच नवा थर चढवायचा मोह होतो. पण प्रत्येक थराने रस्ता उंच होतो आणि अंगण खाली राहतं. मग पावसाचं पाणी थेट पडवीत. शेजारचं बांधकाम चालू असेल तर चिऱ्यांचा शेवटचा ट्रक जाईपर्यंत थांबा.

उखडा किंवा बुजवा, आधी गटार मोकळं करा आणि धुपलेली साइडपट्टी मुरूम टाकून दाबून घ्या. वर्षाला 3,000 मिमीहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रस्त्याला अडीच टक्के ढाळ हवाच. म्हणजे 3 मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडांपेक्षा जवळपास 4 सेंटिमीटर उंच. दोरी ताणून हे मोजा, आणि कंत्राटदाराचं बिल द्यायच्या आधी मोजा.