रोगापासून ‘रक्षण’ करणारा ताओ ताईत : दावा कसा तपासावा

तैपेई, सिंगापूर किंवा पेनांगमध्ये राहणाऱ्या माणसाला पिवळ्या कागदावर लाल शाईने रेखलेला ताईत आज ना उद्या कोणीतरी देतेच. कधी शेजारीण देते, कधी सहकारी, कधी सासरची मंडळी. आणि आता तो आपल्याकडे घरबसल्या मागवताही येतो. ‘हा दारावर लावा, साथ आत शिरणार नाही’ किंवा ‘हा जाळून त्याची राख पाण्यातून घ्या, ताप उतरेल’ असे त्यासोबत सांगितले जाते. अशा वेळी काय विचारावे, कशाला हात लावू नये आणि देणाऱ्याचे मन न दुखवता आपल्या मुद्द्यावर कसे टिकावे, हे येथे सांगायचे आहे. त्यासाठी ज्या चिनी धर्मपरंपरेतून हा ताईत येतो त्या ताओ परंपरेबाहेर उभे राहून तिची थट्टा करण्याची गरज नाही. चीनच्या जुन्या ग्रंथांत, आणि त्यातही खुद्द ताओपंथी लेखकांत, इतकी चोख संशयबुद्धी सापडते की तपासणीची बहुतेक हत्यारे तिथूनच उचलता येतात.

आधी दावा काय आहे ते ठरवा

‘ताओ’ या एका शब्दाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मोडतात. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओझीच्या नावावरचे तत्त्वचिंतन वेगळे, इ. स. १४२ मध्ये चीनच्या सिचुआन भागात झांग दाओलिंगला दिव्य लाओझीचा साक्षात्कार झाला अशी श्रद्धा असलेला आणि तिथून सुरू झालेला दीक्षित पुरोहितांचा पंथ वेगळा. गल्लीतल्या देवळात अंगात येऊन बोलणारा माध्यम वेगळा. आणि ताईत विकणारा दुकानदार तर अगदीच वेगळा. म्हणून पहिला प्रश्न ‘हे खरे आहे का’ असा नसून ‘हे कोण म्हणतो आहे आणि नेमके काय म्हणतो आहे’ असा असावा.

या ताइताला चिनी भाषेत ‘फू’ म्हणतात, आणि त्यामागची कल्पना मोठी गमतीची, जवळजवळ सरकारी कचेरीसारखी आहे. स्वर्गात दरबार आहे, अधिकारी आहेत, शिक्के आहेत आणि लेखी हुकूम सुटतात. फू हा तसाच एक हुकूमनामा असून तो रोगाच्या भुताला ‘चालता हो’ असे बजावतो, अशी ही समजूत आहे. या झांग दाओलिंगच्या घराण्याच्या पंथात आजारपण हे बहुधा दोषाचे फळ मानले जाई. रोग्याने शांत खोलीत बसून आपले अपराध आठवायचे, मग कबुलीजबाबाच्या तीन प्रती करायच्या : स्वर्गाच्या अधिकाऱ्यासाठी एक डोंगरावर ठेवायची, भूमीच्या अधिकाऱ्यासाठी दुसरी पुरायची आणि जलाच्या अधिकाऱ्यासाठी तिसरी पाण्यात बुडवायची. अपराध किरकोळ असेल तर शंभर पावले रस्ता दुरुस्त केला की तो फिटे. या शिक्षेने रोग गेला की नाही हे सांगता येणार नाही, पण रस्ता नक्कीच नीट झाला असणार.

ही पार्श्वभूमी कळली की विधानांचे दोन ढीग करता येतात. ‘यामुळे मनाला आधार वाटतो’, ‘आमच्या घराची ही रीत आहे’ ही विधाने तपासायची नसतात, ती ऐकून घ्यायची असतात. ‘यामुळे ताप उतरतो’, ‘यामुळे संसर्ग होत नाही’ ही विधाने मात्र शरीराविषयीची आहेत आणि शरीराविषयीच्या इतर कोणत्याही विधानाइतकाच पुरावा त्यांनी द्यायला हवा. अडचण अशी की बोलणारा एका ढिगातून दुसऱ्यात सहज उडी मारतो. हरकत घेतली की म्हणतो, ‘अहो, ही फक्त श्रद्धा आहे’, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तापावर येतो. ही उडी लक्षात ठेवावी.

अपयश कशाला म्हणायचे, हे आधीच विचारा

इ. स. १८४ मध्ये चीनच्या हान साम्राज्याविरुद्ध ‘पिवळ्या फेट्यांचे’ मोठे बंड झाले. त्याचा नेता झांग ज्युए हा आधी रोगनिवारक म्हणून लोकप्रिय झाला होता. तो रोग्यांना मस्तक टेकवून अपराध कबूल करायला लावी आणि मंतरलेले पाणी पाजी. या उपचारांविषयी तिसऱ्या शतकातल्या एका चिनी नोंदीत फार नेमके निरीक्षण आहे : जो थोड्या दिवसांत बरा झाला तो श्रद्धावान ठरे, आणि जो बरा झाला नाही त्याची श्रद्धाच नव्हती असे सांगितले जाई. त्याच नोंदीत सिचुआनकडच्या उपचारांविषयी असाही निर्वाळा आहे की रोग बरा करण्यास त्यांचा वस्तुतः काही उपयोग नव्हता, तरी भाबडे लोक त्यांच्यामागे धावत होते. लिहिणारा राज्यकर्त्यांच्या बाजूचा होता आणि बंडखोरांबद्दल त्याच्या मनात आकस होता, हे विसरू नये. परंतु त्याने पकडलेली युक्ती आजही जशीच्या तशी वापरात आहे.

म्हणून ताईत हाती पडताच, कोणताही परिणाम दिसण्यापूर्वी, नम्रपणे विचारावे : ‘किती दिवसांत फरक पडेल? काय झाले तर हा चालला नाही असे आपण दोघेही मानू?’ उत्तरादाखल दिवस आणि लक्षण सांगितले गेले, तर ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि त्याच पानावर रोज ताप किती होता, कोणते औषध घेतले, कोणता विधी केला याची नोंद करावी. ‘ते तुमच्या श्रद्धेवर आहे’ असे उत्तर आले, तर तपासणी तिथेच संपली. ज्या दाव्याला फसण्याची वाटच ठेवलेली नाही, तो दावा रोगाविषयी काहीच सांगत नाही.

तुतीच्या झाडातले आलुबुखार

गे होंग (२८३–३४३) हा ताओ परंपरेतला फार मोठा लेखक. अमरत्वाच्या रसायनांवर त्याचा पूर्ण विश्वास होता, डोंगरात शिरताना जवळ बाळगायचे ताईतही त्याने दिले आहेत; आणि तरीही, आजारी माणसाचे घर नवस-बळींपायी कसे धुऊन निघते यावर त्याने संतापून लिहिले आहे. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला या विषयावरच्या कोणत्याही आधुनिक व्याख्यानापेक्षा उपयोगी वाटते.

झांग झू नावाच्या शेतकऱ्याला नांगरताना आलुबुखाराचे एक रोप आढळले. ते घरी न्यावे म्हणून त्याने मुळांना ओली माती थापली, जवळच्या तुतीच्या ढोलीत ते ठेवले आणि विसरून गेला. पुढे नोकरीनिमित्त तो दूर गेला. तुतीतून आलुबुखार उगवलेला पाहून गावकऱ्यांना तो देवाचा चमत्कार वाटला. डोळे दुखत असलेला एक जण त्या सावलीत टेकला आणि ‘डोळे बरे झाले तर डुकराचे पिल्लू वाहीन’ असे बोलला. डोळे योगायोगाने बरे झाले, नवस फेडला गेला. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाता जाता ‘हे झाड आंधळ्यांना दृष्टी देते’ इथवर पोहोचली आणि काही वर्षे तिथे गाड्याघोड्यांची रीघ, दारू आणि मांस यांचा पूर लोटला. शेवटी झांग झू परतला, म्हणाला, ‘अहो, हे तर मीच ठेवलेले रोप!’, आणि त्याने ते तोडून टाकले.

या गोष्टीत तपासणीचे चार प्रश्न दडलेले आहेत. हा आजार आपोआप बरा होणारा होता का? डोळे येणे, सर्दी, बहुतेक साधे विषाणूजन्य ताप काही दिवसांत स्वतःच उतरतात, आणि माणूस देवळात जातो तो बहुधा दुखणे शिगेला पोहोचले असताना. त्यानंतर उतारच असतो. दुसरा प्रश्न, ज्यांचे डोळे बरे झाले नाहीत ते कुठे आहेत? ते नवस फेडायला परत येत नाहीत, म्हणून मोजलेही जात नाहीत. तिसरा, मूळ हकिगत काय होती आणि आपल्यापर्यंत येताना ती किती फुगली? ‘डोळे दुखायचे थांबले’ ते ‘आंधळ्याला दिसू लागले’ हे अंतर केवळ सांगण्यातून कापले गेले. आणि चौथा : गर्दीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो व कोणाच्या पदरात पडतो?

चांगले औषध आणि कोंबडा एकाच प्रकरणात

याच गे होंगच्या नावावर तातडीच्या उपचारांची एक पुस्तिका आहे. तिच्यात हिवतापासाठी छिंगहाव ही वनस्पती (आपल्या दवण्याच्याच कुळातली) मूठभर घेऊन पाण्यात भिजवून, पिळून, रस पिण्यास सांगितले आहे. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना या ओळीत वनस्पती उकळायला सांगितलेली नाही हे जाणवले. त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला, १९७१ मध्ये तो प्रयोगातल्या प्राण्यांच्या हिवतापावर प्रभावी ठरला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ चे नोबेल पारितोषिक त्याबद्दलचे.

‘बघा, प्राचीनांना सगळे ठाऊक होते’ असा निष्कर्ष यातून काढला जातो, तो घाईचा आहे. आज उपलब्ध असलेल्या प्रतीत हिवतापाच्या त्याच प्रकरणात, थंडी भरण्याच्या दिवशी कोंबडा कवेत धरून त्याला मोठ्याने ओरडायला लावावे म्हणजे हमखास गुण येतो, असाही उपाय आहे. पुस्तकाच्या दृष्टीने दोन्ही उपाय एका रांगेत बसले होते. त्यांतला कोणता चालतो हे प्रयोगाने ठरवले, पुस्तकाच्या वयाने नव्हे. त्यामुळे ‘हा विधी दोन हजार वर्षांचा आहे’ हे वाक्य ऐकले की त्याचा आदर करावा, पण पुरावा म्हणून ते वहीत लिहू नये.

पोटात काय जाते ते पाहा

इथे मात्र सौजन्य बाजूला ठेवून ठाम राहावे. पारंपरिक फू लिहिण्याची लाल शाई हिंगुळाची असते, आणि हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. आज पुष्कळ ठिकाणी साधी लाल शाई किंवा छापील कागद वापरतात, परंतु हाती आलेला कागद कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून कळत नाही. हिंगूळ तापवला की पाऱ्याची वाफ सुटते. म्हणून असा ताईत बंद खोलीत जाळू नये आणि त्याची राख कोणालाही, विशेषतः लहान मुलाला किंवा गरोदर बाईला, कधीही पाजू नये. पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी, म्हणजे ड्रॅगन-नौकांच्या सणाला, दारावर वेखंड आणि दवण्याच्या जातीची पाने टांगतात, मुलांच्या मनगटाला पंचरंगी दोरा बांधतात; यात काही धोका नाही. त्याच सणाची मनशीळ घातलेली दारू मात्र टाळावी, कारण मनशीळ हे आर्सेनिकचे संयुग आहे. अमरत्वाच्या खनिज गोळ्यांनी काय होते, याची साक्ष चीनच्या तांग राजघराण्याच्या इतिहासात आहे : मुझोंग, वुझोंग आणि श्वानझोंग या सम्राटांचे मृत्यू अशाच गोळ्यांशी जोडले जातात.

काही देवळांत, विशेषतः वैद्यदेव बाओशेंग दादी याच्या स्थानी, क्रमांकाची काडी काढून औषधाची चिठ्ठी घेण्याची चाल आहे. चिठ्ठी आठवण म्हणून ठेवावी. तिच्यावरचे औषध रोग्याला न पाहताच निवडलेले असते, हे एकच कारण ते न घेण्यास पुरेसे आहे. भारतात अशा वस्तूची जाहिरात दिसली तर १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम लक्षात असू द्यावा. त्यात ताईत, मंत्र आणि कवच यांना ‘जादुई उपचार’ म्हटले असून ठरावीक रोगांसाठी त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे.

घरातल्या श्रद्धाळू माणसाशी बोलताना

घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह असेल तर वाद तत्त्वावर नेऊ नये. तैवानमध्ये आजारपणाविषयी एक म्हण सर्वांना ठाऊक आहे : देवही हवा आणि माणूसही हवा, माणूस म्हणजे येथे वैद्य. हीच म्हण पुढे करून ‘देवाचे तुम्ही करा, डॉक्टरांचे मी पाहतो’ अशी वाटणी सहज होते. सिमा छियान या इतिहासकाराने प्राचीन वैद्य बियान चुए याच्या चरित्रात सहा प्रकारचे असाध्य रोगी सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा म्हणजे देवऋष्यावर विश्वास ठेवून वैद्यावर न ठेवणारा. चिनी माणसाला हे परके वाटत नाही. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस तैवानमधील दाजिया येथील माझू या समुद्रदेवीची सुप्रसिद्ध पदयात्रा कोरोनाच्या साथीमुळे मंदिरानेच पुढे ढकलली, हा दाखलाही उपयोगी पडतो : देवीच्या रक्षणावर श्रद्धा असलेल्यांनीच गर्दी टाळली.

एका प्रसंगी वाटणी चालत नाही. भुते दिसतात असे रोगी म्हणू लागला की मांत्रिकाला बोलावण्याचा आग्रह सर्वांत जोरात होतो. पहिल्या शतकातल्या वांग छोंग या चिनी विचारवंताने लिहिले होते की भुते मेलेल्यांच्या आत्म्यांची नसतात, माणसाच्या विचारांतून ती उभी राहतात, आणि हे घडते आजारपणामुळे. तापात बरळणे, भास होणे, धाप लागणे, मान ताठरणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही दिसले तर विधी संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

साथीच्या देवांच्या उत्सवाला मात्र आनंदाने जावे. तैवानच्या दोंगगांग येथे दर तीन वर्षांनी ‘राजदेव’ म्हटल्या जाणाऱ्या या देवांची सुंदर लाकडी नौका समुद्रकिनारी जाळतात. पूर्वी काही ठिकाणी अशा नौका पाण्यात सोडून देत, आणि ती ज्या गावाच्या किनाऱ्याला लागे त्या गावाला तिचे आदरातिथ्य करावे लागे. मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या वेशीवर पोहोचवण्याची आपल्याकडची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागची भीती आणि शेजाऱ्यांची पंचाईत दोन्ही लगेच कळेल.

ताईत स्वीकारलाच असेल तर तो दोन्ही हातांनी घ्यावा आणि पाकिटात किंवा दारावर ठेवावा. तो शिवलेल्या पिशवीत असेल तर पिशवी उघडू नये. वर्ष सरल्यावर तो कचऱ्यात टाकण्याची किंवा स्वयंपाकघरात जाळण्याची गरज नसते. ज्या देवळातून आला तिथे परत नेऊन देण्याची पद्धत आहे. तेथील लोक तो अंगणातल्या भट्टीत, उघड्या हवेत, विधिपूर्वक जाळतात. आपण धूर जातो त्याच्या उलट बाजूला उभे राहावे.