हेडलायनर कुणाला भारी वाटला कुणाला फुसका, ग्रुपमध्ये असं झालं तर काय करायचं

पाच जण गेलो होतो मुंबईला एका मोठ्या म्युझिक फेस्टिवलला. मी जळगावहून, मावसभाऊ अमळनेरहून, वर्गमित्र आणि वहिनी भुसावळहून, आणि भाची पुण्याला शिकते ती तिकडून थेट आली. शेवटच्या रात्रीच्या हेडलायनरची, म्हणजे सगळ्यात शेवटी येणाऱ्या मुख्य कलाकाराची, सहा महिने नुसती हवा होती, रोज ग्रुपवर त्याचीच गाणी, त्याचेच रील. नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण नाव घेतलं की सगळे त्या माणसावरच भांडतात आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

शो संपला, दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. मावसभाऊ म्हणे, "काहीच मजा नही उनी भो, पैसा पानीमा ग्यात." भाची म्हणे माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी रात्र. वर्गमित्र म्हणे गाणी ठीकठाक, पण साउंड एक नंबर. वहिनी म्हणाल्या साउंड कसला एक नंबर, मला शब्दच कळले नाहीत. कसारा घाट चढेपर्यंत मामा-भाची एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. एकच शो, एकच माणूस, तीच गाणी, आणि चार जणांचे चार निकाल. मला ते फार लागलं, कारण सहा महिने आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे साठवले होते. नंतर मी बसून एकेकाला विचारलं तू कुठे उभा होतास, कधी आलास, कधी निघालास, आणि तेव्हा कळलं की आम्ही चौघा-पाचांनी एक शो बघितलाच नव्हता, प्रत्येकाने वेगळाच बघितला होता. त्यातून जे शिकलो ते लिहितोय, तुमचा ग्रुप जाणार असेल तर कामाला येईल.

जायच्या आधी

पहिलं काम, प्रत्येकाला विचारा की तू नेमकं काय ऐकायला चाललायस. हे कुणीच विचारत नाही. आमच्यात मावसभावाला दोनच गाणी माहीत होती, तीही रीलमधली, वीस-वीस सेकंदांची. भाचीला चार अल्बम तोंडपाठ. हेडलायनरने सुरुवातीला नवीन अल्बममधली सहा-सात गाणी घेतली तर एकाला ते बक्षीस वाटणार आणि दुसऱ्याला शिक्षा, यात कुणाचंच चुकलेलं नाही.

मग सेटलिस्ट बघा. सेटलिस्ट डॉट एफएम नावाची साइट आहे, त्यावर त्या कलाकाराने मागच्या शोला कोणती गाणी कोणत्या क्रमाने घेतली ते लोक टाकतात. मागचे चार-पाच शो बघितले की अंदाज येतो. काहींना आधी माहीत करून घ्यायला आवडत नाही, मजा जाते म्हणतात, ठीक आहे, पण मग एवढं तरी लक्षात ठेवा की कलाकाराचा स्वतःचा कॉन्सर्ट दोन-अडीच तासांचा असतो आणि फेस्टिवलमध्ये त्यालाच बहुतेक वेळा सव्वा ते दीड तास मिळतो. म्हणजे तुमचं आवडतं एखादं गाणं कापलं जाणारच.

आणि दहा वाजताचा नियम. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सणासुदीला, १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. हे जत्रेतल्या तमाशाला लागू, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला लागू आणि परदेशातून आलेल्या बँडलाही लागू. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तो आधी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग खरोखर पहाटे ऐकायला मिळायचे, ते या नियमाने बदललं आणि जुने रसिक अजून हळहळतात. तर हेडलायनर एन्कोर, म्हणजे शो संपल्यावर परत येऊन म्हटलेली जादा गाणी, न करता गेला म्हणून "भाव खाल्ला" म्हणायच्या आधी घड्याळ बघा.

जळगाव-भुसावळ-अमळनेरवाल्यांसाठी एक सांगतो. लोलापालूझा इंडिया हा मोठा म्युझिक फेस्टिवल २०२३ पासून महालक्ष्मी रेसकोर्सवर होतो आणि ते रेसकोर्स महालक्ष्मी स्टेशनला अगदी लागून आहे. सुरत लाइनवरून खान्देश एक्सप्रेसने दादरला उतरलात तर तिथूनच वेस्टर्नची स्लो लोकल, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, झालं. ती गाडी रोज नसते, वार बघून घ्या. परतीचं रिझर्वेशन त्याच रात्रीचं काढू नका, हे मी हात जोडून सांगतो. गाडीच्या काळजीने माणूस साडेनऊला घड्याळ बघायला लागतो आणि सगळ्यात मोठी गाणी तर शेवटच्या वीस मिनिटांत असतात.

मैदानात कुठे उभं राहायचं

हा भाग नीट वाचा कारण आमचं निम्मं भांडण इथलंच होतं.

भाची दुपारी तीनपासून बॅरिकेडला चिकटून उभी. मावसभाऊ पार मागे, खाण्याच्या स्टॉलजवळ. वर्गमित्र मध्ये, साउंडवाल्यांच्या टेबलाच्या मागे. वहिनी त्याच्यासोबत होत्या, पण गर्दीचा त्रास झाला म्हणून डाव्या कडेला गेल्या.

आता आवाजाचं गणित बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्टेजपासून १०० मीटर मागे उभे असाल तर आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ पाव ते एक तृतीयांश सेकंद लागतो. स्क्रीनवर मात्र चित्र लगेच दिसतं. त्यामुळे मागून बघणाऱ्याला ओठ आधी हलताना दिसतात आणि आवाज नंतर येतो, आणि तो म्हणतो ट्रॅक लावलाय, नुसता तोंड हलवतोय! आमचा मावसभाऊ अगदी हेच म्हणत होता. कलाकार खरंच ट्रॅकवर गात असतीलही, हल्ली बरेच जण मागे रेकॉर्ड केलेला आवाज लावतात आणि वरून गातात, पण मागे उभं राहून ओठांवरून ते ठरवता येत नाही. ओळखायचं असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये कलाकार बोलतो तेव्हा बघा, तेव्हाही आवाज तेवढाच मागे पडत असेल तर ते अंतरामुळे आहे.

मोठ्या मैदानात मध्येच उंच खांबांवर वेगळे स्पीकर लावलेले असतात, त्यांना डिले टॉवर म्हणतात. स्टेजवरचा आवाज तिथे पोचेपर्यंत त्या स्पीकरचा आवाज मुद्दाम थांबवून सोडतात म्हणजे दोन्ही एकत्र ऐकू येतात. या स्पीकरची तोंडं मागच्या लोकांकडे असतात, म्हणून टॉवर तुमच्या आणि स्टेजच्या मध्ये येईल असे, त्याच्यापासून थोडं मागे उभे राहिलात तर मागे असूनही स्वच्छ ऐकू येतं. त्या स्पीकरच्या पाठीकडे, म्हणजे टॉवरच्या स्टेजकडच्या बाजूला, किंवा एकदम कडेला गेलात तर शब्द चिवडल्यासारखे होतात. वहिनींचं तेच झालं.

बॅरिकेडला वेगळीच गंमत. मुख्य स्पीकर उंच टांगलेले असतात, त्यांचा आवाज पुढच्या दोन-चार रांगांच्या डोक्यावरून जातो, आणि बेसचे मोठे खोके स्टेजच्या खालीच असतात. म्हणून पुढे छाती हादरते, पण गाण्याचे शब्द कमी येतात. भाचीने साउंड ऐकलाच नाही म्हटलं तरी चालेल, तिने त्या माणसाचा चेहरा बघितला, घाम बघितला, गिटार बदलताना केलेला इशारा बघितला. तिला शब्द ऐकायची गरजच नव्हती, तिला ते पाठ होते.

सगळ्यात चांगला आवाज साउंडच्या टेबलाजवळ येतो, कारण मिक्स करणारा, म्हणजे गाण्याचा आणि वाद्यांचा आवाज कमीजास्त करून जुळवणारा, माणूस तिथे बसून त्याच्या कानाला बरं वाटेल असं मिक्स करतो. ज्यांना गाणी फारशी माहीत नाहीत त्यांना मी तिथेच उभं करेन. ज्याला गाणी पाठ आहेत तो पुढे गेला तरी चालेल.

अजून एक, कान थकतात. पाच-सहा तास मोठ्या आवाजात राहिलं की बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं, सगळं दबल्यासारखं वाटतं, आणि हेडलायनर तर शेवटीच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, तीसुद्धा कानाला कमी नाही. इअरप्लग घ्या, स्वस्त मिळतात, आणि दुपारच्या बँडच्या वेळी लांब बसा. दुपारी पोटभर खा, पाणी प्या. उपाशी माणसाला कुणाचंच गाणं आवडत नाही.

मोठमोठ्या ठिकाणीही असंच झालंय

१९६५ च्या जुलैमध्ये लोकसंगीत गाणारा अमेरिकन गायक बॉब डिलन अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार घेऊन बँडसोबत उभा राहिला. लोकांनी हुर्यो उडवली. पण का उडवली यावर आजही एकमत नाही. कुणी म्हणतं लोकसंगीत सोडलं म्हणून, कुणी म्हणतं साउंड इतका खराब होता की आवाजच कळत नव्हता, कुणी म्हणतं तीनच गाणी गाऊन खाली उतरला म्हणून. तो परत आला आणि साध्या गिटारवर दोन गाणी म्हणाला. साठ वर्षं झाली, तिथे हजर असलेल्या माणसांच्या आठवणी अजून जुळत नाहीत.

ताजं उदाहरण २०२३ चं. अमेरिकेतल्या कोचेला फेस्टिवलला फ्रँक ओशन हा गायक हेडलायनर होता, २०१७ नंतर तो स्टेजवर दिसलाच नव्हता, हवा किती असेल विचार करा. तो जवळपास तासभर उशिरा आला, घरून बघणाऱ्यांसाठी लाइव्ह दाखवलंच नाही, आणि वेळ संपली म्हणून शो अचानक थांबला. पायाला दुखापत झाली होती, पुढच्या आठवड्याचा शो त्याने रद्द केला आणि त्या जागी ब्लिंक-१८२ हा बँड आला. कितीतरी लोक चिडले, आणि ते चिडणं खोटं नाही, पैसे आणि वेळ त्यांचा गेला होता. पण तो मधेच आपल्या भावाबद्दल बोलला, ज्याच्यासोबत तो पूर्वी याच फेस्टिवलला यायचा आणि जो २०२० मध्ये वारला. ज्यांनी ते समोर ऐकलं त्यांतल्या काहींना तोच शो जवळचा वाटला.

आणि आपल्या खान्देशात काय वेगळं होतं? एखाद्या अहिराणी गाण्याला युट्यूबवर लाखो व्ह्यू येतात, मग नवरात्रात किंवा जत्रेत मंडळ त्या गायकाला बोलावतं, सगळ्या गावाला ते एकच गाणं पाहिजे असतं. त्याने ते शेवटी ठेवलं की पोरं कावतात, आधी घेतलं की निम्मं गाव उठून जातं. सोबत ढोलकी-कीबोर्डवाले आणले तर म्हाताऱ्यांना आवडतं, पोरं म्हणतात युट्यूबवर वाजतं तसं नाही वाजलं. ट्रॅकवर गायला तर बरोबर उलटं. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, तिथून बाहेर पडतानाही पार्किंगमध्ये दोन मतं असतातच. म्हणून मला वाटतं खान्देशातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही.

शो संपल्यावर

लगेच निकाल विचारू नका. "पैसा वसूल झाला का" हा तर विचारूच नका, कारण तिकिटाचा आकडा आला की माणूस एकतर स्वतःला समजावतो नाहीतर राग काढतो, गाण्याबद्दल काहीच बोलत नाही. त्याऐवजी विचारा, तुला कोणत्या गाण्याला सगळ्यात जास्त वाटलं, आणि तेव्हा तू कुठे होतास.

मोबाइलच्या क्लिपवरून ठरवू नका. मोठ्या आवाजात फोनचा माइक फाटतो, बेस तर धरतच नाही, आणि आजूबाजूला बेसूर गाणाऱ्याचा आवाज सगळ्यात मोठा येतो. घरी बसून ती क्लिप बघून "हा तर बेसूर आहे" म्हणणाऱ्या भावाला फार उत्तरं देत बसू नका.

ज्याला आवडलं नाही त्याला "तुला कळलंच नाही" म्हणायचं नाही. मी हे म्हटलं होतं मावसभावाला आणि ते चुकलं माझं. तो गर्दी टाळायला २५ मिनिटं आधी गेटकडे निघाला होता, त्याने शेवटची चार गाणी ऐकलीच नाहीत, आणि त्याला दोनच माहीत होती ती त्या चारातच होती! हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तसंच ज्याला खूप आवडलं त्याला "तू फॅन आहेस म्हणून" असंही म्हणायचं नाही. भाची सात तास उभी होती, पाण्याची एक बाटली. तिचं ऐकून घ्या.

एक गोष्ट आम्ही आता प्रत्येक वेळी करतो आणि तुम्हीही करा. मैदानातून बाहेर पडलं की एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाने दोन मिनिटांची व्हॉइस नोट करायची, काय बघितलं, काय ऐकलं, कुठे उभा होतो, एवढंच. ग्रुपवर टाकायची नाही, स्वतःकडे ठेवायची. एकाने बोलायला सुरुवात केली की बाकीचे त्याच्या मागे वाहत जातात म्हणून आधी रेकॉर्ड करायचं. मग महिना-दीड महिन्याने एकत्र बसून सगळ्या ऐकायच्या.

भाचीने त्या रात्री स्वतःहूनच एक करून ठेवली होती, मैत्रिणीसाठी. थंडीत अमळनेरला मावसभावाच्या शेतात भरीत पार्टी केली, वांगी भाजून झाली होती, कळण्याची भाकरी चालू होती, तेव्हा तिने ती लावली. श्वास लागलेला, मागे लोकांचा गोंगाट, ती सांगतेय की शेवटच्या गाण्याला त्याने माइक लोकांकडे धरला आणि स्वतः गप्प राहिला आणि पूर्ण मैदान गात होतं. मावसभाऊ भाकरी हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हाई कव्हय व्हयनं?" भाची म्हणाली, मामा, तुम्ही गेटवर होते तेव्हा. त्याने तिला ती परत लावायला सांगितली.