जोडीदाराच्या विवाहबाह्य संबंधांविरुद्ध दावा कसा करावा

केवळ विवाहबाह्य संबंधाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेतील व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आलेले नाही. जोडीदाराने पहिला विवाह कायम असताना दुसरा केला असेल, तर गोष्ट वेगळी. तो गुन्हाच आहे.

खरा मार्ग दिवाणी आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार लग्नानंतर परक्या व्यक्तीशी स्वेच्छेने ठेवलेला एकच शारीरिक संबंधही घटस्फोटास पुरेसा ठरतो, आणि नागपुरात राहणारी पत्नी, लग्न मुंबईत झाले असले तरी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज करू शकते. लग्नाला एक वर्ष झालेले असावे.

सर्वांत अवघड भाग पुराव्याचा. हॉटेलची बिले, संदेश, छायाचित्रे तारखेनिशी जपून ठेवावीत. जोडीदारांमधील गुप्तपणे ध्वनिमुद्रित केलेले संभाषण पुरावा म्हणून चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले आहे. मात्र सारे कळूनही आपण क्षमा करून पुन्हा संसार सुरू केला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार तोच प्रसंग आधार म्हणून टिकत नाही, आणि माझ्या मते अनेकांची बाजू येथेच कमकुवत होते, म्हणून समेटाची बोलणी करण्यापूर्वीच वकिलाला भेटावे.

तिसऱ्या व्यक्तीकडून नुकसानभरपाई मागणारा दावा दिवाणी न्यायालयात दाखल होऊ शकतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मानले. परंतु नागपूरच्या न्यायालयांवर तो निर्णय बंधनकारक नाही.