जुन्या मिनीचं ‘ट्यून’ केलेलं हेड नक्की कुणाच्या हातचं? असं ओळखा

जुन्या मिनी कूपरचे सुटे भाग विकायला निघाले की हेडबद्दल (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व असलेला इंजिनाचा वरचा भाग) एक वाक्य हमखास कानावर येतं: “हे डाउनटनचं आहे.” इंग्लंडात विल्टशरमधल्या डाउनटन गावी डॅनियल रिचमंड यांच्या वर्कशॉपनं १९६०च्या दशकात बीएमसीच्या (मिनी बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) ए-सिरीज इंजिनांची हेडं ताकद वाढावी म्हणून अशी काही घडवली, की आजही त्या नावाचेच वेगळे पैसे मोजावे लागतात. म्हणून दोन प्रश्न सुटे ठेवा. मूळ ओतीव हेड कुठल्या गाडीचं? आणि त्यावर ग्राइंडर चालवून ते कोरलं कुणी? पहिल्याचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं बहुतेकदा अर्धवट.

आधी टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं पत्र्याचं झाकण, काढा. त्यावरच्या ट्यूनरच्या बिल्ल्याला भुलू नका. कव्हर दोन नटांवर बसतं, पाच मिनिटांत या गाडीचं त्या गाडीवर जातं. मी एकदा भुललोय. आत, व्हॉल्व स्प्रिंगांच्या आसपासचा चिकटा रॉकेल आणि ब्रशनं काढला की बीडात उठावाचा नंबर दिसतो. १२जी२९५ म्हणजे ९९८ सीसी कूपर आणि एमजी ११०० यांच्या घरचं. १२जी९४० म्हणजे १२७५ सीसी इंजिनांच्या कुळातलं. एईजी१६३ असेल तर कूपर एसचं, म्हणजे कूपरच्या जास्त वेगवान भावंडाचं.

मग हेड इंजिनाला आवळणाऱ्या स्टड-बोल्टची भोकं मोजा. साध्या हेडला नऊ, कूपर एसला अकरा. जादा दोन मागाहूनही पाडता येतात, तेव्हा एवढ्यावर खूश होऊ नका.

आता हेड उलटं ठेवून व्हर्नियर लावा. २९५चा मूळ इनटेक व्हॉल्व ३०.९ मिमी, साध्या ९४०चा ३३.३, कूपर एसचा ३५.६ आणि त्याचा एक्झॉस्ट ३१. यापेक्षा मोठा निघाला तर सीट, म्हणजे व्हॉल्व टेकतो ती कडा, कुणीतरी नव्यानं कापलीय. हेडची मूळ जाडी ६९.८५ मिमी. कमी भरली तर फेसिंग मारलंय, म्हणजे खालचा पृष्ठभाग तासलाय, तेही बहुधा एकदाच नाही.

खरी गंमत चेंबरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या खोलगट भागात आहे. ब्रिटिश इंजिन-तज्ज्ञ हॅरी वेस्लेक यांचा हा बदामाच्या आकाराचा चेंबर. अँबॅसिडरचं १४८९ सीसी बी-सिरीज हेड ज्यांनी उघडलंय त्यांना ओळखीचा वाटेल. व्हॉल्व आणि प्लग बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबा आणि सिरिंजनं रॉकेल सोडा. शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा लिहा. मूळ २९५ला सुमारे २८.३ सीसी, ९४०ला २१.४. फेसिंगनं आकडा उतरतो, ग्राइंडरनं चढतो. पण मी बघतो ते चारांमधला फरक. चारही चेंबर जवळजवळ सारखे भरले तर काम मोजून करणाऱ्याचं. एक २१ आणि दुसरा २३ असेल, तर नाव कुणाचंही सांगोत, काम अंदाजपंचे झालंय.

पुढे बॅटरी मारून पोर्टात, म्हणजे हवा आणि धूर जातात त्या वाटांत बघा, बोट फिरवा. दोन व्हॉल्वांमध्ये घुसलेली चेंबरची चोच चारही ठिकाणी सारखी मागे घेतलीय का? व्हॉल्वची दांडी सरकते त्या गाइडचं टोक निमुळतं केलंय का? आरशासारख्या चकाकीला मी फारसा भाव देत नाही. पॉलिश पेपर आणि रिकामा रविवार असला की ती कुणालाही जमते.

तरी नुसत्या धाटणीवरून दुकानाचं नाव ठोकू नये. यान ओडोर डाउनटनमध्येच काम करायचे आणि १९६२ मध्ये त्यांनी स्वतःचं जॅनस्पीड काढलं. माणूस गेला की हातही त्याच्याबरोबर जातो. त्या काळचं बिल किंवा गाडीच्या फाइलमधली पावती नसेल, तर वर्णनात ‘१२जी९४०, ३५.६ इनटेक, चेंबर जुळवलेले, काम कुणाचं ते माहीत नाही’ एवढंच लिहा.

आणि पैसे देण्याआधी दोन सीटांमधली अरुंद पट्टी बघा. कूपर एसचं हेड तिथेच तडकतं. क्रॅक टेस्टला विक्रेता तयार नसेल, तर नंबर कितीही दुर्मीळ असो, ते तिथेच ठेवून या.